लाल रेघेच्या बाहेर

व्लास्ता तोमल्यानोविचने आपलं गाव संगणकाच्या नकाशावर पहिल्यांदा शोधलं, तेव्हा ते समुद्रात निघालं.

ती तेव्हा तिशीत होती. आड्रियाटिक समुद्राकाठच्या रिएका बंदरात, किनारपट्टीपुरते हवेचे अंदाज काढणाऱ्या एका लहानशा कचेरीत कामाला होती. तिचं गाव सेन्य, तिथून बसने दक्षिणेला. पाठीशी वेलेबितचा डोंगर, पुढ्यात समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. डोंगरात सेन्यच्या बरोबर वर एक खिंड आहे. पलीकडच्या पठारावर थंड हवा साठते आणि कधीतरी त्या खिंडीतून समुद्रावर कोसळते. त्या वाऱ्याला बुरा म्हणतात. बुरा सुटली की बंदराच्या कोपऱ्यावर माणसं कठडा धरून उभी राहतात आणि झोत जरा ओसरला की एकेक करून पळत रस्ता ओलांडतात. व्लास्ताची आई मांदा असल्या दिवशी पावाला गेली की दुकानाच्या दारात इतर बायकांबरोबर तासभर अडकायची आणि गावातल्या सगळ्या बातम्या घेऊनच घरी यायची.

आणि संगणक सांगत होता की सेन्यला उद्या मंद वारा.

चूक कुणाची नव्हती. हवेचं गणित मांडायचं तर आभाळ आधी कापावं लागतं. जमिनीपासून वरपर्यंत साऱ्या हवेची खोकी करायची. प्रत्येक खोक्याला एकच तापमान, एकच वारा, एकच दाब. शेजारच्या खोक्यातून काय आलं, काय गेलं, याचा हिशोब करून थोड्या वेळानंतरचं चित्र काढायचं. मग त्या चित्रावरून त्याच्या पुढचं. असं करत उद्यापर्यंत, परवापर्यंत पोचायचं. याला मॉडेल म्हणायचं. तेव्हाच्या संगणकांना मोठीच खोकी झेपायची, आणि सेन्य ज्या खोक्यात पडलं होतं त्यातला बहुतेक भाग पाणी होता, म्हणून त्या खोक्याची जमीन म्हणजे समुद्र. मागचा वेलेबित सरासरी काढता काढता एखाद्या पसरट टेकाडाएवढा उरला होता. खिंड तर नव्हतीच.

"बुडवलंस की गं गाव!" मागे उभा राहून बेरिस्लाव म्हणाला. तो कचेरीतला सर्वांत जुना अंदाजकार. पेन्सिलीने नकाशे काढणारा, मिशीत हसणारा. "आईला कळवलंस का?"

"आईला कळलं तर ती इथे येऊन संगणक फोडेल."

"मग बोलाव तिला. आपलं काम हलकं होईल."

व्लास्ता हसली, पण ते खोकं तिच्या डोक्यातून जाईना. पुढची कितीतरी वर्षं ती त्या एका खोक्याच्या मागे लागली, असं म्हटलं तरी चालेल.

देशात लढाई चालू असताना तिला काही महिन्यांसाठी फ्रान्सला पाठवलं. तिथे झेक, हंगेरियन, बल्गेरियन, रुमानियन अशी पूर्वेकडची मंडळी एकत्र बसून एक नवं मॉडेल तयार करत होती. त्यांच्यापैकी एकाही देशाला एकट्याने हे झेपणार नव्हतं. व्लास्ता दिवसभर काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लागतो का बघायची. तिच्या शेजारच्या टेबलावर दोइना नावाची रुमानियन बाई बसे. ती बोलायची कमी, सिगारेट ओढायची जास्त.

एकदा दोइनाने तिला दोन नकाशे दाखवले. एकाच दिवसापासून सुरू केलेली तीच हवा, तेच मॉडेल. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी सुरुवातीचं तापमान तिने जागोजागी केसभर हलवलं होतं, कुठल्याही थर्मामीटरला कळणार नाही इतकं. पहिले काही दिवस दोन्ही नकाशे जुळ्या भावांसारखे चालले. मग हळूहळू वेगळे झाले. आठवड्याच्या शेवटी एकात आड्रियाटिकवर वादळ होतं आणि दुसऱ्यात लख्ख ऊन.

"यातलं खरं कुठलं?" व्लास्ताने विचारलं.

"दोन्ही."

"असं कसं?"

"सुरुवात नेमकी कशी होती हे आपल्याला माहीत नाही ना. म्हणून दोन्ही," दोइना म्हणाली आणि खिडकी उघडायला उठली.

व्लास्ताला हे पटलं, पण आवडलं नाही. ती भौतिकशास्त्र शिकलेली होती. गणित नीट केलं की उत्तर नीट येतं, एवढ्या भरवशावर तिने ते शास्त्र निवडलं होतं. तिचं म्हणणं असं की खोकी लहान करा, डोंगर डोंगरासारखा दिसू द्या, मग बघू वादळ कुठे जातं ते.

रिएकाला परतल्यावर तिने तेच केलं. मोठ्या मॉडेलमधून हवा घ्यायची आणि फक्त वेलेबितच्या पट्ट्यासाठी वाऱ्याचं गणित बारीक चौकोनांवर पुन्हा करायचं, अशी तिची पद्धत. संगणक सुधारत गेले तसे चौकोन लहान होत गेले. एक दिवस पडद्यावर खिंड उगवली. सेन्य पाण्यातून बाहेर आलं. खिंडीच्या तोंडातून वाऱ्याची एक लांब जीभ समुद्रावर पसरलेली दिसली, अगदी ती लहानपणापासून बघत आली होती तशी. बेरिस्लावने ते चित्र बराच वेळ पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "आता हे खरं बोलतं का बघायचं."

ते बरेचदा खरं बोललं. दोन हिवाळ्यांत व्लास्ताच्या चित्राला कचेरीत मान मिळाला. धोक्याच्या इशाऱ्याचे नकाशे तिच्या बारीक चौकोनांवरून निघू लागले: हिरवा, पिवळा, लाल.

तिचा धाकटा भाऊ वित्से फेरीबोटीवर होता. सेन्यच्या बरंच खाली, दक्षिणेला, प्रिझ्नाच्या धक्क्यावरून पाग बेटावर गाड्या आणि माणसं नेणारी बोट. डेकवर गाड्या लावून घेणं, साखळ्या आवळणं, दरवाजा उघडणं-मिटणं हे त्याचं काम. आडदांड, बडबड्या आणि बहिणीचा भारी अभिमान असलेला माणूस. धक्क्यावरच्या कॅफेत इशाऱ्याचा नकाशा लागला की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "हे माझ्या बहिणीने काढलंय. बघून घ्या."

फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या आठवड्यात व्लास्ताच्या मॉडेलने सेन्यवर जबरदस्त बुरा दाखवली. मोठ्या मॉडेलमध्ये नुसता बरा वारा होता. त्या दिवशी इशारा काढायची पाळी बेरिस्लावची होती.

"मुलांची मिरवणूक आहे तिथे दुपारी," तो म्हणाला. "लाल दिलं तर रद्द होईल. गाव तुला फाडून खाईल."

"पिवळं दिलं आणि मुलं उडाली तर?"

"तुझी खात्री आहे?"

"चित्र बघा ना. किती स्पष्ट आहे."

चित्र खरंच स्पष्ट होतं. खिंडीपासून समुद्रापर्यंत लाल पट्टा आणि सेन्यच्या थोडं खाली त्याची कड, सुरीने कापल्यासारखी. त्याखाली पिवळा. बेरिस्लावने लाल दिलं. मिरवणूक रद्द झाली, किनाऱ्याचा रस्ता ट्रकांना बंद झाला, सेन्यमधल्या आयांनी पोरांचे मुखवटे काढून ठेवले आणि सगळं गाव खिडकीशी बसून राहिलं.

सेन्यला त्या दुपारी वारा आला, पण रोजच्यासारखाच. बायकांनी वाळत घातलेले कपडेही आत घेतले नाहीत.

समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा मॉडेलने धरला होता त्यापेक्षा दक्षिणेला सरकला होता. इटलीच्या बाजूच्या समुद्रात मोजणी विरळ, तिथेच सुरुवातीला थोडी चूक होती. आणि बुरा दक्षिणेला कोसळली, नेमकी प्रिझ्ना आणि पागच्या मधल्या अरुंद पाण्यावर. फेरीबोट तेव्हा अर्ध्या वाटेवर होती. वाऱ्याने पाण्याचे तुषार उडून समुद्राचा धूर झाला, बोट एका कुशीवर कलली. मागच्या रांगेतल्या ट्रकची एक साखळी तुटली. वित्से दुसरी आवळायला धावला आणि ट्रक सरकला.

बोट पागला लागली, माणसं वाचली. वित्सेचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागला.

रिएकाच्या इस्पितळात व्लास्ता त्याच्या खाटेशी बसली होती. आई मांदा कॉरिडॉरमध्ये एका नर्सला लहानपणचा वित्से किती वेगात पळायचा हे सांगत होती. मग वित्सेच बोलला.

"कॅप्टन निघायला तयार नव्हता, माहितीय? म्हणाला, वरती लाल आहे, थांबू या. मी म्हटलं, लाल सेन्यखाली संपतं. आपण रेघेच्या बाहेर आहोत."

व्लास्ताने त्याच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"इतकी बारीक रेघ काढलीस तू. म्हटलं, हिला ठाऊक असल्याशिवाय एवढी बारीक कशाला काढेल?"

"मला ठाऊक नव्हतं," व्लास्ता म्हणाली.

"मग काढायची नाहीस."

एवढंच. तो रागावून बोलला नाही. नंतर त्याने पाणी मागितलं, तिने दिलं. पण पुढे कितीतरी महिने भावंडांचं बोलणं आईच्या मार्फतच चाललं. "त्याला सांग डॉक्टरकडे जायला." "तिला सांग मी गेलो होतो."

कचेरीत चौकशी झाली. इशाऱ्यावर सही बेरिस्लावची, म्हणून प्रश्न त्यालाच आले. त्याने उत्तरं दिली आणि व्लास्ताचं नाव मध्ये आणलं नाही. तिने नंतर त्याला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" तो म्हणाला, "तू चित्र काढलंस. चित्रावर विश्वास मी ठेवला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आणि पेन्सिल तासायला घेतली.

त्या वसंतात व्लास्ताला दोइनाचे दोन नकाशे आठवले. डोंगर बारीक करून तिने वाऱ्याचा कोपरा न् कोपरा दाखवला होता, पण वादळच मुळात चुकीच्या जागी ठेवलेलं असेल तर तो बारकावा चुकीच्या जागचाच. उलट चित्र जितकं रेखीव तितकं माणसाला खरं वाटतं. ही गोष्ट तिला गणितातून कधी कळली नसती.

युरोपातल्या मोठ्या केंद्रात एव्हाना एकाच दिवसाची हवा पन्नास वेळा चालवायला लागले होते. प्रत्येक वेळी सुरुवात केसभर वेगळी. पन्नास उत्तरं एकाच बाजूला गेली तर बिनधास्त बोलायचं, फाकली तर सांभाळून. व्लास्ताने त्या फेब्रुवारीतल्या दिवसाची पन्नासही उत्तरं मागवली आणि प्रत्येकावर आपलं वाऱ्याचं गणित एकेक करून चालवलं. उन्हाळा त्यातच गेला. पन्नासांतल्या बहुतेकांनी बुरा सेन्यवर आणली होती. अकरांनी ती प्रिझ्नाच्या पाण्यावर आणली होती.

ती बसने सेन्यला गेली. वित्से आईच्या घरी होता, नवा पाय बांधून स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालण्याचा सराव करत. आई मासे साफ करत होती.

"अकरा," व्लास्ता म्हणाली आणि सगळं समजावून सांगितलं.

वित्से खुर्चीवर टेकला. "अकरा म्हणजे कमी की जास्त?"

"ते तू कशासाठी विचारतोस त्यावर आहे."

"पायासाठी विचारतोय."

आईच्या हातातली सुरी थांबली. व्लास्ताला वाटलं आता हा ओरडणार. पण वित्सेच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि मग तो मोठ्याने हसला. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच.

"पायासाठी जास्त," व्लास्ता म्हणाली. "खूपच जास्त."

"आणि हे तेव्हा कळू शकलं असतं?"

"तेव्हा आमच्याकडे एवढे संगणक नव्हते. आता जमेल."

"मग कर की. बसलीयस काय?"

"जेवून जाऊ दे तिला," आई म्हणाली. "दोघंही वेडी आहात."

कचेरीत ते पटवायला वर्षं गेली. पन्नास वेळा गणित म्हणजे पन्नासपट काम, आणि हाती काय, तर "शंभरात वीस". बेरिस्लाव निवृत्तीला आला होता, तरी भांडायचा. "लोकांना छत्री घ्यायची की नाही ते हवं असतं. तू त्यांना शेकडेवारी देणार!"

"छत्रीचं त्यांचं ते ठरवतील."

"नाही ठरवणार. फोन करतील आणि विचारतील, म्हणजे घ्यायची ना?"

त्याचं अगदी खोटं ठरलं असंही नाही. पहिल्याच हिवाळ्यात तसे फोन भरपूर आले.

फेरीबोटीचं मात्र वित्सेने मनावर घेतलं. तो आता धक्क्यावर तिकिटं फाडत होता. त्याने कॅप्टन, खलाशी, धक्क्यावरचे सगळे मिळून कॅफेत जमवले आणि व्लास्ताला रिएकाहून बोलावून घेतलं. तिने पडद्यावर पन्नास छोटे नकाशे दाखवले, टपाल तिकिटांसारखे एकाशेजारी एक.

कॅप्टन डोळे बारीक करून म्हणाला, "बाई, मला एवढं सांगा. निघायचं की नाही?"

"ते मी नाही सांगू शकत."

"मग कोण सांगणार? पाद्री?"

"या पन्नासांतल्या किती जणांनी नाही म्हटलं की थांबायचं, तेवढं तुम्ही ठरवा. रोज किती जण नाही म्हणतायत ते मी सांगेन."

मग तासभर घासाघीस झाली. एक म्हणे अर्धे. दुसरा म्हणे अर्ध्याला थांबलो तर आधीच बुडालेलो असू. तिसरा म्हणे एकानेही नाही म्हटलं तर नको, त्याला सगळ्यांनी मिळून विचारलं, मग हिवाळाभर खाणार काय? वित्से नकली पाय टेबलाखाली पसरून ऐकत होता. त्याने काही सुचवलं नाही, पण प्रत्येक जण बोलण्याआधी एकदा त्याच्याकडे बघत होता. शेवटी पाचात एक यावर आले. पन्नासांतल्या दहांनी वारा दाखवला की बोट बांधायची. हा आकडा व्लास्ताच्या शास्त्रात कुठेच नव्हता. तो त्या आठ-दहा माणसांनी कॉफी पीत ठरवला, आणि तिच्या मते तो ठरवायची तीच जागा होती.

पुढे तिला हवामानबदलाच्या कामात घेतलं. तिथे तेच खोक्यांचं गणित, फक्त उद्यापर्यंत न थांबता शंभर वर्षं पळवायचं. आई तेव्हा नव्वदीला टेकलेली, पण जीभ शाबूत. रविवारच्या जेवणाला तिने विचारलं, "पुढच्या मंगळवारचं धड सांगता येत नाही तुम्हाला. शंभर वर्षांचं काय सांगताय गं?"

"आई, वित्से आज कॅफेतून घरी किती वाजता येईल ते मला सांगता येत नाही. पण साठीनंतर त्याचं पोट सुटणार हे तर सांगता येतं की नाही?"

"सुटलंच आहे," आई म्हणाली.

"मी इथेच बसलोय," वित्से म्हणाला.

"तसंच आहे ते. अमुक दिवशी वादळ येईल असं आम्ही म्हणत नाही. समुद्र किती तापेल, उन्हाळे किती लांबतील, ते म्हणतो."

"आणि बुरा? ती राहील का?"

व्लास्ताने खांदे उडवले. मॉडेलांचं त्यावर एकमत नव्हतं. काही म्हणत कमी होईल, काही म्हणत फारसा फरक नाही. तिने तसं सांगितलं. आईला ते उत्तर मुळीच आवडलं नाही, आणि तिने मक्याची पोलेंता आणखी वाढली.

मांदा गेल्यानंतर व्लास्ता निवृत्त होऊन सेन्यच्या त्याच घरात राहायला आली. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे सामान फार नव्हतं. वित्से तोवर बायकोच्या गावी, पाग बेटावर गेला होता. मेंढ्यांच्या चीजचं दुकान बघायचा. ती महिन्यातून एकदोनदा त्याच्याकडे जायची.

अशीच एका डिसेंबरात ती प्रिझ्नाच्या धक्क्यावर पोचली, तर बोट बांधलेली. समुद्र आरशासारखा. वेलेबितच्या माथ्यावर ढग होता, पण तो तर आठवडाभर होता. खिडकीवर कागद लावला होता: पन्नासांतले बारा. पंधरा-वीस गाड्यांची रांग आणि माणसं बाहेर उभी राहून शिव्या घालत होती.

"एक पान हलत नाहीये!" फरचा कोट घातलेली एक बाई म्हणाली. "माझ्या नातवाचं बारसं आहे तिकडे. हे शास्त्रज्ञ लोक! गरम खोलीत बसून आकडे काढतात आणि इथे आम्ही!"

"मीही त्यातलीच," व्लास्ता म्हणाली. आपण का बोललो, हे तिला कळलं नाही.

बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? मग सांगा, येणार का वारा?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक नाही! आणि बोट बांधून ठेवलीय!"

"हो."

"मग चालवा की ती बोट! तुम्हीच चालवा!"

दोघे-तिघे हसले. व्लास्ताही थोडी हसली. कॅप्टन नवा होता, व्लास्ताला ओळखत नव्हता. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "बाई, भांडू नका. उद्या सकाळी नेतो." फरवाल्या बाईने फोन काढून मुलाला बारसं पुढे ढकलायला सांगितलं, आणि बोलता बोलता "हवामानखात्याची एक म्हातारी इथेच उभी आहे" हेही सांगितलं.

व्लास्ताने वित्सेला फोन केला.

"किती?" त्याने विचारलं.

"बारा."

"मग घरी जा," तो म्हणाला. "चीज कुठे पळून जात नाही."

वारा त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीने ती पागला गेली. फरवाली बाई तिच्याच बाकावर, दोन जागा सोडून बसली होती. तिने व्लास्ताला डब्यातली एक तळलेली गोड फ्रितुला दिली आणि वाटेत वाऱ्याविषयी चकार शब्द काढला नाही.